‘मुरुड’ लिहायला १५ बाइट

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड १८८३ साली छापला गेला. विषय कुलाबा जिल्हा आणि जंजिरा संस्थान. खंड इंग्रजीत आहे, इंग्रजांच्या कारभाराच्या सोयीसाठी लिहिलेला आहे. तरी मुरुड, राजपुरी, जंजिरा यांविषयी जुने काही शोधायचे असले की अभ्यासक अजून त्याच्याकडेच वळतो. त्याची पाने स्कॅन होऊन इंटरनेटवर आली आहेत आणि एकशेचाळीस वर्षांनंतरही ती सहज वाचता येतात.

आता दुसरी गोष्ट पाहा. २००० सालाच्या आगेमागे मराठी माणसे इंटरनेटवर मराठीत लिहू लागली. गडकिल्ले, कोकणातले प्रवास, गावाकडच्या आठवणी हे त्यांचे आवडीचे विषय. त्या पानांपैकी जी कुठेतरी साठवून राहिली आहेत ती आज उघडली, तर पुष्कळदा पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची चिन्हे एकात एक मिसळलेली दिसतात. मजकूर जसाच्या तसा आहे, एक चिन्हही गळलेले नाही. पण तो ज्या फॉन्टमध्ये वाचायचा तो फॉन्ट मात्र आपल्या संगणकावर नाही. १८८३ चा मजकूर वाचता येतो आणि २००० चा येत नाही, ही मला फार गंभीर गोष्ट वाटते.

वेबसाइट उभारताना कोणते साधन निवडायचे हा प्रश्न तंत्रज्ञांचा खाजगी प्रश्न आहे असे आपण समजत आलो. मराठीपुरता तरी तो तसा कधीच नव्हता. आपले लिहिलेले टिकणार की नाही, हे त्या निवडीवर ठरत गेले.

सुरुवातीला निवडायला फारसे काही नव्हतेच. संगणकाला रोमन अक्षरांच्या जागा ठाऊक होत्या. देवनागरी फॉन्ट करणाऱ्यांनी त्याच जागांवर आपली अक्षरे बसवली. रोमन अक्षराच्या एका जागी ‘क’, कंसाच्या जागी वेलांटी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, फुकट मिळणारे शिवाजी आणि किरण असे फॉन्ट, प्रत्येकाची मांडणी निराळी. एकात लिहिलेले दुसऱ्यात वाचता येत नसे. छापखान्याला त्याने काही फरक पडत नव्हता, कारण एकदा कागदावर उमटले की काम संपले. वेबवर मात्र वाचणाऱ्याच्या संगणकातही तोच फॉन्ट लागायचा. म्हणून वृत्तपत्रांनी डायनॅमिक फॉन्ट आणले: पानाबरोबर फॉन्टही उतरायचा. इंटरनेट एक्सप्लोररसाठी एक प्रकार, नेटस्केपसाठी बिटस्ट्रीम कंपनीचा दुसरा. ब्राउझर बदलले, ती सोय गेली, आणि तिच्यावर विसंबलेला वर्षानुवर्षांचा मजकूर मुका झाला.

याच काळात, १९९६ साली, अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत ‘मायबोली’ सुरू केली. घरापासून हजारो मैलांवर असलेल्या माणसांना मराठीत बोलायला जागा हवी होती. तेव्हा बहुतेक जण रोमन लिपीतच मराठी लिहीत. ते वाचायला त्रास होई, पण एक मान्य करावे लागेल: ते आजही वाचता येते. फॉन्टमध्ये सुबक लिहिलेली पाने गेली आणि रोमनमध्ये ओबडधोबड लिहिलेली राहिली.

यातून बाहेर काढले ते युनिकोडने. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, आणि तिची मांडणी भारताच्याच इस्की या प्रमाणावरून घेतलेली होती. प्रत्येक अक्षराला, प्रत्येक मात्रेला जगभर एकच क्रमांक. पण प्रमाण ठरणे वेगळे आणि ते लोकांच्या टेबलावर पोचणे वेगळे. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला, तेव्हा ते पोचू लागले. ‘मंगल’ रेखला तो र. कृ. जोशी यांनी, कवी, सुलेखनकार आणि अक्षरांचे गाढे अभ्यासक. गेली पंचवीस वर्षे सरकारी कचेऱ्यांतून निघालेली लाखो मराठी पत्रे या एका माणसाच्या हातच्या वळणात आहेत, आणि तरी त्यांचे नाव कितीशा लोकांना ठाऊक आहे? विंडोज एक्सपीतही देवनागरीची सोय होती, पण ती चालू करायला सीडी घालून एक वेगळा भाग बसवावा लागे. तो बसवला नसेल तर ‘जंजिरा’मधली वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसे. सायबर कॅफेत गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

अशा वेळी, २००४ च्या सुमारास, मराठीत पहिल्यांदा खरी निवड करायची वेळ आली. जगातही तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. तोवर वेबसाइट म्हणजे एकेक पान हाताने लिहायचे, किंवा छोट्या छोट्या प्रोग्रॅमची ठिगळे जोडायची. सभासदाची नोंद, लेख साठवणे, प्रतिसाद दाखवणे, शोध ही तीच ती कामे प्रत्येक जण नव्याने करत होता. ती एकदाच नीट करून ठेवायची आणि त्या तयार सांगाड्यावर आपापले बांधकाम करायचे, ही फ्रेमवर्कमागची कल्पना. २००४ मध्ये डेन्मार्कच्या डेव्हिड हॅन्सनने ‘रूबी ऑन रेल्स’ जाहीर केले. २००५ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राने आपल्या कचेरीत तयार झालेले ‘जँगो’ सर्वांना खुले केले. एका लहान गावच्या दैनिकाला बातम्या रोज आणि वेळेवर चढवायच्या होत्या, त्या निकडीतून जगातले एक मोठे फ्रेमवर्क जन्माला आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोठ्या कंपन्यांत जावावरची ‘स्ट्रट्स’ आणि ‘स्प्रिंग’ होती, मायक्रोसॉफ्टचे ‘एएसपी डॉट नेट’ होते.

मराठीतली चर्चेची संकेतस्थळे यांतल्या कशाकडेच गेली नाहीत. २००४ साली सुरू झालेले ‘मनोगत’ द्रुपलवर उभे राहिले. २००७ साली ‘उपक्रम’ आणि तात्या अभ्यंकरांचे ‘मिसळपाव’, दोन्ही द्रुपलवर. ‘मायबोली’ आपली जुनी व्यवस्था सोडून द्रुपलवर आली. २०११ साली ‘ऐसी अक्षरे’ आले, तेही द्रुपलवरच. वेगवेगळ्या स्वभावाची, एकमेकांशी कधी कधी कडाकडा भांडणारी ही स्थळे. पण सांगाडा सगळ्यांचा एक. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठात शिकणाऱ्या ड्रीस बायटार्टने मित्रांसाठी लिहिलेला एक छोटा निरोपफलक २००१ साली खुला केला, तेच हे द्रुपल. मराठी वाङ्मयाची जवळजवळ वीस वर्षे त्यावर लिहिली जातील हे त्याच्या स्वप्नातही नसणार.

द्रुपलच का? एक कारण पैशाचे. ते पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चाले, आणि ही जोडी सर्वांत स्वस्त होस्टिंगवरही मिळे. जावासाठी किंवा मायक्रोसॉफ्टच्या साधनांसाठी महिन्याचा खर्च कितीतरी जास्त, आणि ही स्थळे चालवणारे लोक नोकरी सांभाळून, पदरचे पैसे घालून काम करत होते. दुसरे कारण, चर्चा करणाऱ्या समाजाला लागणाऱ्या गोष्टी त्यात तयार होत्या: प्रतिसादाखाली प्रतिसाद, सभासदाचे पान, लेखमालिकेला पुस्तकासारखी बांधणी. शिवाय पडद्यावरचा प्रत्येक शब्द एका ठरावीक फंक्शनमधून जात असल्याने ‘सबमिट’, ‘प्रीव्ह्यू’ असे सगळे शब्द मूळ प्रोग्रॅमला हात न लावता मराठीत करता येत. मनोगतने हे फार मनापासून केले. तिथले सगळे फलक मराठीत, टंकलेखनाची सोय तिथल्या तिथे, आणि शुद्धलेखन तपासायची व्यवस्थाही. मराठी माणसाला ब्राउझरमध्ये थेट देवनागरी लिहिता येते हे अनेकांनी पहिल्यांदा तिथे अनुभवले. ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’ने तीच सोय पुढे अनेक स्थळांना दिली, घरच्या संगणकावर ‘बरहा’ वापरणारेही पुष्कळ होते.

तिसरे कारण मात्र सर्वांत मोठे, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. ते अक्षरांचे.

‘मुरुड’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ती पाच चिन्हे आहेत: म, उकार, र, उकार, ड. आणि संगणकावर साठवताना यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून ‘मुरुड’ होतो पंधरा बाइटचा. इंग्रजीत तोच शब्द पाच बाइटमध्ये बसतो. बहुतेक साधने लिहिणाऱ्यांनी एक बाइट म्हणजे एक अक्षर हे इतके गृहीत धरले होते की त्यांना ते गृहीतक आहे हेही कळत नव्हते. शीर्षक लांब झाले की प्रोग्रॅम ते ठरावीक बाइटवर कापे. तो घाव एखाद्या चिन्हाच्या मधोमध पडे आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह उरे. रूबीच्या तेव्हाच्या १.८ आवृत्तीत मजकूर म्हणजे नुसती बाइटची माळ होती. जँगो आतून पूर्णपणे युनिकोडवर आले ते २००७ मध्ये. पीएचपीची अवस्थाही रूबीसारखीच. युनिकोडवर उभारायची म्हणून गाजलेली पीएचपी ६ ही आवृत्ती तर २०१० मध्ये सोडूनच द्यावी लागली. द्रुपलने या अडचणीतही वाट काढली होती. सगळी पाने यूटीएफ-८ मध्येच देण्याचा त्यांचा नेम होता, आणि मजकूर कापताना अक्षर मोडू नये म्हणून वेगळे फंक्शन लिहिलेले होते. युरोपातल्या अनेक भाषांत काम करणारी माणसे ते साधन घडवत होती. इंग्रजी ही जगातली एकमेव भाषा नाही हे त्यांना रोज दिसत होते. त्याचा फायदा मराठीला झाला.

तरी संकट टळले नाही, ते खालच्या मजल्यावरून आले. मायएसक्यूएल या डेटाबेसला ४.१ आवृत्तीपर्यंत, म्हणजे २००४ पर्यंत, युनिकोड कळतच नव्हते. स्वीडनमधल्या कंपनीचे ते उत्पादन, म्हणून त्याचा मूळ अक्षरसंच पश्चिम युरोपाचा आणि क्रमवारी चक्क स्वीडिश. मराठी मजकूर त्यात गेला तो बाइटच्या रूपात, आणि डेटाबेसने तो स्वीडिश समजून ठेवला. बाहेर काढताना तेच बाइट परत मिळत, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणाला काही कळले नाही. कळले ते सर्व्हर बदलताना किंवा डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेताना. नव्या डेटाबेसने ते ‘स्वीडिश’ इमानदारीने युनिकोडमध्ये भाषांतरित केले, आणि सगळ्या लेखांत माथ्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’ ओळीने उभे राहिले. कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच असतो. द्रुपलने २००६ च्या ४.७ आवृत्तीत जुन्या सारण्या युनिकोडमध्ये आणण्याची व्यवस्था अपग्रेडमध्येच घातली. ज्यांनी बॅकअप घेऊन, शांतपणे, आधी एका प्रतीवर प्रयोग करून हे काम केले, त्यांच्यामुळे त्या काळातले मराठी लेखन वाचले. त्यासाठी रात्री जागणाऱ्यांची नावे कुठल्या वाङ्मयेतिहासात येत नाहीत. यायला हवीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुरुडच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून शिवाजी महाराजांनी कासा खडकावर बांधलेला. त्याच्या तटाजवळ गेलेल्या माणसाला एक चमत्कार दिसतो: साडेतीनशे वर्षांच्या लाटांनी दगड झिजून आत गेले आहेत, पण दोन दगडांमधला चुना जागच्या जागी उभा आहे. मराठी वेबचे तसेच झाले. संकेतस्थळांचे दगड झिजले. नेटस्केप गेले, डायनॅमिक फॉन्ट गेले, पीएचपीच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या गेल्या. युनिकोड हा सांध्यातला चुना तेवढा टिकला, आणि ज्यांनी तो वापरला त्यांचे लेखन आज दुसऱ्या कोणत्याही सांगाड्यात नेऊन बसवता येते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया पहिल्या दिवसापासून त्याच आधारावर आहे, म्हणून त्याचे कुठलेच पान मुके झाले नाही.

पुढची दहा वर्षे निवड करणाऱ्यांना चक्कर यावी अशी होती. पीएचपीतच केकपीएचपी, सिम्फनी, कोडइग्नायटर आणि २०११ साली लाराव्हेल. मग लाट फिरली आणि काम सर्व्हरवरून वाचकाच्या ब्राउझरमध्ये गेले: २०१० मध्ये गुगलचे अँग्युलर जेएस, २०१३ मध्ये फेसबुकचे रिअ‍ॅक्ट, २०१४ मध्ये इव्हान यूचे व्ह्यू. २०१६ मध्ये अँग्युलर पुन्हा पहिल्यापासून लिहिले गेले, आणि जुन्यावर बांधलेले नव्यावर आपोआप जाईना. जुन्याचा आधार २०२१ च्या अखेरीस संपला. द्रुपलचेही तेच झाले. २०१५ ची आठवी आवृत्ती सिम्फनीच्या पायावर नव्याने रचलेली होती. सातवीवरून आठवीवर जाणे म्हणजे डागडुजी नव्हे, घर बदलणे होते. पगारी माणसे असलेल्या संस्था गेल्या. फावल्या वेळात स्थळ चालवणारे अडकले. सातव्या आवृत्तीला मुदतवाढीवर मुदतवाढ देत शेवटी ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा अधिकृत आधार थांबला. २०११ मध्ये आलेली आवृत्ती चौदा वर्षे चालली, याचे श्रेय त्या समाजाला दिले पाहिजे. अनेक फ्रेमवर्कना निम्मेही आयुष्य मिळत नाही.

ब्राउझरमध्ये काम नेणाऱ्या फ्रेमवर्कबद्दल माझा आक्षेप कोकणात राहणाऱ्या माणसाचा आहे. अशा वेबसाइटचे पान पुष्कळदा आधी रिकामे येते. मग मोठी जावास्क्रिप्ट फाइल उतरते आणि तिने काढले तरच मजकूर दिसतो. शहरातल्या जलद लाइनवर हे जाणवत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मुरुड, श्रीवर्धनकडे वाड्या भुईसपाट झाल्या, विजेचे खांब आडवे झाले, आणि अनेक दिवस वीज आणि मोबाइल दोन्ही नव्हते. पुढे रेंज आली ती कधी एक रेघ, कधी दोन. नुकसानभरपाईची माहिती, सरकारी सूचना, मुंबईतल्या नातलगांचा निरोप हे सगळे त्या एका रेघेवरून यायचे होते. अशा वेळी साधे, सर्व्हरवरच पूर्ण तयार झालेले पान उघडते, आणि जडजंबाल पान चक्र फिरवत बसते. ज्या साधनाने बांधलेले पान संकटात उघडत नाही ते गावाच्या उपयोगाचे नाही, मग त्याची कीर्ती कितीही असो. सुदैवाने रिअ‍ॅक्ट, व्ह्यू यांच्या जगातही आता पान सर्व्हरवरच तयार करून पाठवण्याकडे पुन्हा ओढा आहे.

सरकारने आपली निवड एकगठ्ठा केली. पूर्वी जिल्ह्याजिल्ह्याचे संकेतस्थळ ज्याने त्याने जमेल तसे केलेले असे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने पुढे सर्व जिल्ह्यांसाठी एकच सांगाडा तयार केला, एस-थ्री-वास या नावाचा, आणि रायगडचे संकेतस्थळही त्यावर आले. सगळ्या जिल्ह्यांची पाने सारखी दिसू लागली याची काहींना खंत वाटते. मला वाटत नाही. सुरक्षिततेची दुरुस्ती एका ठिकाणी केली की ती सगळीकडे पोचते, मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत ठेवता येतो, आणि अधिकारी बदलला म्हणून संकेतस्थळ बंद पडत नाही. सरकारी कामाला देखणेपणापेक्षा हे अधिक लागते.

मात्र एक काम या सगळ्यात मागे राहिले आहे, आणि ते नेमके इथल्या इतिहासाचे आहे. पद्मदुर्गाला रसद वेळेवर पोचवली नाही म्हणून महाराजांनी १६७५ साली प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला खरमरीत पत्र लिहिले. इतिहासाच्या अभ्यासकांना ते चांगले ठाऊक आहे. अशी पत्रे मोडीत आहेत. मोडी लिपी युनिकोडमध्ये आली २०१४ साली, सातव्या आवृत्तीत, आणि तिच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन नव्हे, चार बाइट लागतात. मायएसक्यूएलने ज्याला ‘यूटीएफ-८’ म्हटले होते त्यात तीन बाइटच मावत. चार बाइटची खरी सोय त्यांनी २०१० मध्ये वेगळ्या नावाने दिली. जुन्या स्थळांत ती आपोआप लागू होत नाही. तशा जुन्या डेटाबेसमध्ये कोणी मोडी मजकूर भरला, तर पहिल्या मोडी चिन्हापासून पुढचे सगळे कापले जाऊ शकते, आणि कडक तपासणी चालू नसेल तर नीट सूचनाही मिळत नाही. कुलाब्याची, जंजिऱ्याची मोडी कागदपत्रे वेबवर आणू पाहणाऱ्या कोणत्याही संस्थेने फ्रेमवर्कचे नाव विचारण्याआधी हा एक प्रश्न विचारावा: यात मोडीचे अक्षर घालून, साठवून, शोधून, जसेच्या तसे परत काढून दाखवाल का? दाखवता आले तर पुढे बोलावे.

मुरुडमध्ये आज जो तो वेबसाइट करतो आहे. होमस्टेवाले करतात, खानावळवाले करतात, मच्छीमार सोसायट्या, शाळा, देवस्थाने करतात. करून देणारा तरुण कोणत्या फ्रेमवर्कचे नाव घेतो यावर भाळू नका आणि त्याला घाबरूही नका. तो उद्या पुण्याला नोकरीला गेला तर दुसरा कोण हे चालवू शकेल ते विचारा. डोमेन स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावावर घ्या, त्याच्या नावावर नको. सगळा मजकूर आणि छायाचित्रे, युनिकोडमध्ये, साध्या फाइलमध्ये, दरवर्षी एकदा त्याच्याकडून मागून घ्या आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.